पणजी–बेती प्रकाशदुवा: गेन शंभरावरून चाळीसवर का आणला

मांडवीच्या दोन्ही काठांवर, पणजीतल्या एका गच्चीवर आणि समोर बेतीतल्या एका घराच्या गच्चीवर, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाने प्रकाशाने माहिती पाठवणारा दुवा उभारला होता. अंतर किलोमीटरच्या आत. हिशोबासाठी आपण ७०० मीटर धरू. दोन्ही टोकांना एकेक डबा. त्यात ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी आणि शेजारी ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगामागे सिलिकॉनचा ॲव्हलांच फोटोडायोड, म्हणजे सगळे ज्याला एपीडी म्हणतात तो. एपीडी प्रकाशाचा करंट करतो आणि आतल्या आतच तो कित्येक पट वाढवतो. ही पट म्हणजे गेन. वेग सेकंदाला एक कोटी बिट, रिसीव्हरची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ. लेझर न घेता एलईडी घेण्यामागे विचार होता. त्याचा झोत रुंद पसरतो, त्यामुळे गच्चीवरचा साधा लोखंडी खांब थोडा हलला तरी दुवा तुटत नाही आणि फेरीबोटीतून कुणी वर पाहिलं तरी डोळ्यांना धोका नाही. बदल्यात समोर पोचणारा प्रकाश अगदी थोडा, सरासरी १० नॅनोवॉटच्या घरातला.

दुवा जुलैत उभा राहिला. सगळ्यांना भीती पावसाची होती आणि ती खोटीही नव्हती. जोराची सर आली की समोरचा काठच दिसेनासा होई आणि दुवा बंद पडे. ते गृहीतच धरलं होतं. रिमझिम असली तर मात्र काही अडत नसे. चवथीच्या सुटीत तर दुवा रात्रंदिवस चालला. तक्रार सुरू झाली ती पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, आकाश निरभ्र झाल्यावर. दुपारी मधूनच पॅकेट, म्हणजे माहितीचे गठ्ठे, गळायची. चांगल्या दिवशी हजारात एखादं, हवा धुरकट असली की त्याहून बरीच. तीही फक्त पणजीच्या टोकाला. बेतीचा रिसीव्हर तेच सर्किट, तेच भिंग, तोच डायोड घेऊन बिनतक्रार चालत होता. या प्रकरणाची खरी किल्ली या विषमतेत होती, पण ती कुणाच्या हाती लगेच लागली नाही.

गटाने काय केलं ते आधी सांगतो, कारण त्यांचा तर्क कुणाही हुशार विद्यार्थ्याला सुचेल असाच होता. डायोडच्या डेटाशीटवर शंभराच्या आसपासचा गेन नमुन्यादाखल दिलेला असतो. जुलैत त्यांनी बायस, म्हणजे डायोडला द्यायचं व्होल्टेज, शंभर गेन येईल असं लावलं होतं. आता दुपारी मोजलं तर गेन तिशीच्या आसपास उतरलेला. कारणही त्यांना बरोबर सापडलं. उन्हात डबा तापतो, आणि या प्रकारच्या सिलिकॉन एपीडीचं ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्यावर गेन हाताबाहेर जाऊन डायोडमधून आपोआप करंट वाहू लागतो ते, तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.७ व्होल्टने वाढतं. बायस तेवढंच राहिलं आणि ब्रेकडाउन दहा-बारा व्होल्ट वर सरकलं, की गेन कोसळतो. मग त्यांनी दुपारच्या उन्हातच व्होल्टेज वाढवून गेन पुन्हा शंभरावर आणला.

पॅकेट गळण्याचं प्रमाण कमी होण्याऐवजी दहातल्या एकापर्यंत गेलं. त्यांना वाटलं, अजून पुरेसा वाढवला नाही. गेन दीडशेवर नेला, तर निम्मी पॅकेट जाऊ लागली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, डबा विशीच्या आसपास थंड झालेला असताना, दुवा पूर्ण मेला. दुपारच्या तापमानाला बेतलेलं व्होल्टेज पहाटेच्या ब्रेकडाउनच्याही वर गेलं होतं. डायोडमधून सतत करंट वाहत राहिला. तो जळला नाही तो केवळ बायसच्या वाटेत लावलेल्या संरक्षक रेझिस्टरमुळे. ज्यांना एपीडी वापरायचा आहे त्यांनी हा रेझिस्टर कधीही गाळू नये.

या टप्प्यावर मला बोलावलं. गटातली एक विद्यार्थिनी वही उघडून म्हणाली, "सर, गेन कमी होता तेव्हा चुका कमी होत्या. वाढवला तशा वाढल्या. हे उलटं कसं?" तिने निरीक्षण अगदी नेमकं मांडलं होतं. उलट काहीच नव्हतं.

दुपारी डायोडला काय दिसत होतं

सुरुवातीला संशय कॅसिनो बोटींच्या झगमगाटावर होता. तो टिकत नव्हता. ते दिवे रात्रीचे, आणि दुवा रात्री उत्तम चाले. शिवाय पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात ८५० नॅनोमीटरजवळ जवळजवळ काहीच नसतं.

बायसच्या वाटेत मायक्रोॲमीटर लावला आणि गेन शंभरावर ठेवून करंट पाहिला. रात्री अर्धा मायक्रोॲम्पिअर. दुपारी दहाहून थोडा जास्त. मग दुपारीच बेतीचा एलईडी बंद करायला सांगितला. करंट जेमतेम हलला. म्हणजे डायोड जो प्रकाश शंभरपट करत होता त्यातला वीसातला एकच भाग आपला, बाकी सगळा उन्हाचा.

ऊन कुठून येत होतं? पणजीचा रिसीव्हर उत्तरेकडे बघतो, म्हणून त्याला बेतीच्या घरांच्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंती दिसतात. गोवा साधारण साडेपंधरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि त्या भिंती भरदुपारी सावलीत राहतात. पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक ढग असतात. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेला सरकतो, आकाश मोकळं होतं, आणि बेतीच्या एलईडीमागची चुना दिलेली पांढरी भिंत दिवसभर उजळून निघते. उलट बेतीच्या रिसीव्हरला दिसतात पणजीतल्या इमारतींच्या उत्तरेकडच्या, सावलीतल्या भिंती. एकच सर्किट एका काठाला बिघडतं आणि दुसऱ्याला नाही, याचं कारण सर्किटमध्ये नव्हतंच.

आकडा पडताळून पाहिला. डायोडचा व्यास अर्धा मिलिमीटर, भिंगाचं नाभीय अंतर १०० मिलिमीटर, म्हणजे दृष्टिक्षेत्र ५ मिलिरेडियन. ७०० मीटरवर ते साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ होतं. समोर ४० नॅनोमीटर रुंदीचा ऑप्टिकल फिल्टर. हिवाळ्यातल्या दुपारचं ऊन आणि चुन्याच्या भिंतीचं परावर्तन धरून हिशोब केला की सुमारे २०० नॅनोवॉट निघतात. ८५० नॅनोमीटरला गेनशिवाय या डायोडचा प्रतिसाद वॉटला अर्धा ॲम्पिअर. म्हणजे भिंतीचा प्राथमिक करंट १०० नॅनोॲम्पिअर आणि सिग्नलचा सरासरी ५. शंभर गेनला एकूण साडेदहा मायक्रोॲम्पिअर. मीटर तेच सांगत होता.

गेन नेमकं काय विकत घेतो

एपीडीचा गेन हा फुकटचा ॲम्प्लिफायर आहे अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि ती मला मनापासून खटकते. डायोडमधला इलेक्ट्रॉन तीव्र विद्युतक्षेत्रात धावताना आदळून नवे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरणारी रिकामी जागा) निर्माण करतो, ते पुढे आणखी. ही साखळी यादृच्छिक असते. सरासरी गेन शंभर असला तरी एका फोटॉनमागे कधी तीस, कधी तीनशे इलेक्ट्रॉन येतात. ही अनिश्चितता म्हणजे जादा नॉइज, सिग्नलमध्ये मिसळणारा नको असलेला चढउतार. आर. जे. मॅकिंटायर यांनी १९६६मध्ये तिचं गणित मांडलं. होल आणि इलेक्ट्रॉन यांच्या आयनीकरण-क्षमतांचं गुणोत्तर, म्हणजे के, माहीत असलं की जादा नॉइजचा गुणक असा मिळतो:

गुणक = के × गेन + (१ − के) × (२ − १ ÷ गेन)

चांगल्या सिलिकॉन एपीडीत के ०.०२च्या आसपास असतो, इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडांत ०.४च्या घरात, जर्मेनियममध्ये जवळजवळ १. सिलिकॉनसाठी गेन ४०ला गुणक सुमारे २.७ येतो, १००ला जवळपास ४, १५०ला ५.

आता दोन नॉइज शेजारी ठेवा. पहिला ॲम्प्लिफायरचा. तो डायोडनंतर येतो, म्हणून गेन वाढवला की सिग्नलच्या तुलनेत तो खाली दबतो. दुसरा प्रकाशाचा स्वतःचा शॉट नॉइज, फोटॉन सुटेसुटे, अनियमित येतात म्हणून होणारा. भिंतीचा असो वा सिग्नलचा, तो डायोडच्या आतच जन्मतो आणि गेन त्यालाही सिग्नलइतकाच वाढवतो, वर जादा गुणक लावतो. म्हणून गेन वाढवण्याचा फायदा पहिला नॉइज दुसऱ्याच्या खाली जाईपर्यंतच असतो. त्यापुढे वाढवलेला प्रत्येक व्होल्ट केवळ नुकसान. सर्वोत्तम जागा शोधायला एकूण नॉइज भागिले गेनचा वर्ग याचा किमान बिंदू काढायचा. डार्क करंट, म्हणजे अंधारातही डायोडमधून वाहणारा करंट, नगण्य धरला तर उत्तर सुटसुटीत येतं:

के × गेन³ + (१ − के) × गेन = ॲम्प्लिफायर नॉइजचा वर्ग ÷ (इलेक्ट्रॉनचा विद्युतभार × प्राथमिक करंट)

उजव्या बाजूला डायोडचं काहीही नाही. तिथे तुमचा ॲम्प्लिफायर आहे आणि तुमच्या भिंगातून येणारा एकूण प्रकाश. डेटाशीटमधला शंभर हा आकडा आपल्या गच्चीवरची भिंत न पाहता छापलेला असतो.

या दुव्यात ॲम्प्लिफायरचा नॉइज २ पिकोॲम्पिअर प्रति रूट हर्ट्झ. रात्री प्राथमिक करंट ५ नॅनोॲम्पिअर, तर सर्वोत्तम गेन ६३ येतो. दुपारी करंट १०५, तर सर्वोत्तम गेन २२. शंभर दोन्ही वेळेला जास्तच होता, पण रात्री त्याची किंमत अर्ध्या डेसिबलहूनही कमी (३ डेसिबल म्हणजे नॉइजची शक्ती दुप्पट), म्हणून कुणाला कळलं नाही. दुपारी तीच किंमत १.८ डेसिबल. ऐकायला किरकोळ वाटते. पण दुपारी सिग्नल आणि नॉइज आधीच काठावर होते. १५०० बाइटच्या पॅकेटसाठी गणित केलं तर गेन शंभरला सुमारे नऊ टक्के पॅकेट गळतात, दीडशेला जवळपास निम्मी, आणि तीसला हजारात एकाहूनही कमी. विद्यार्थिनीच्या वहीतली नोंद आणि हे गणित एकमेकांवर बसत होतं. गरम डब्यात गेन आपोआप तीसपर्यंत घसरला होता तेव्हा डायोड दुपारच्या योग्य जागेच्या जवळ होता. गटाने त्याला तिथून हलवलं.

चाळीसच का

पहिली सूचना आली ती अपेक्षितच होती. "दिवसा २२ आणि रात्री ६३ ठेवूया. बायस करंट मोजून मायक्रोकंट्रोलर स्वतः गेन बदलेल." कल्पना सुंदर आहे आणि बनवायलाही मजा येईल. मी ती करू दिली नाही. त्याआधी एक तक्ता काढायला सांगितला: एकच ठरावीक गेन ठेवला तर दिवसा किती गमावतो, रात्री किती.

बावीस कायम ठेवला तर रात्री सुमारे ३ डेसिबल जातात. शंभर ठेवला तर दिवसा १.८. चाळीस ठेवला तर रात्री ०.५ आणि दिवसा ०.३. बस्स. सिलिकॉनचा के लहान असल्यामुळे गेन आणि नॉइज यांच्या आलेखातली दरी उथळ आणि रुंद असते. तिच्या तळाशी नेमकं उभं राहण्यासाठी दोनशे व्होल्टच्या वाटेत आणखी एक नियंत्रण-वलय घालायचं आणि ते बिघडण्याची नवी जागा तयार करायची, तेही अर्ध्या डेसिबलसाठी, हे मला पटत नव्हतं. के ०.४ असलेला डायोड असता तर दरी अरुंद झाली असती आणि सगळंच खाली सरकलं असतं: हेच प्रकाश आणि हाच ॲम्प्लिफायर धरून दिवसा ८, रात्री २३.

चाळीसच्या बाजूने दुसरं कारण मला नॉइजइतकंच मोठं वाटतं. ब्रेकडाउनच्या जवळ गेन जितका जास्त, तितकी व्होल्टमागे त्याची टक्केवारीतली चंचलताही त्याच पटीत जास्त. चाळीसला एका व्होल्टने गेन जितके टक्के हलेल, शंभरला त्याच्या अडीचपट हलेल. जूनमध्ये, जुलैमध्ये गोव्यातला दिवस आणि रात्र यांत चार-पाच अंशांचा फरक असतो. डिसेंबरमध्ये रात्री विशीच्या आसपास, दुपारी हवाच बत्तीस-तेहतीस आणि उन्हातला डबा त्याहून कितीतरी वर. म्हणून तापमान-भरपाई हवीच होती. डायोडच्या धातूच्या टोपीला चिकटवलेला थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा रेझिस्टर, आणि अंशाला ०.७ व्होल्ट बायस वर-खाली. थर्मिस्टर बोर्डाच्या कोपऱ्यात ठेवू नका. दुपारी डब्याच्या वरच्या आणि खालच्या भागांत बरेच अंश फरक पडतो. ही भरपाई एक-दोन व्होल्टने चुकली तरी चाळीसवर दुवा तग धरतो, शंभरावर धरत नाही.

गेन लावायचा कसा, याबद्दल एक व्यवहारी गोष्ट. कमी व्होल्टेजला "गेन एक" समजून गुणोत्तर काढायची पद्धत या प्रकारच्या डायोडांत फसवते, कारण कमी व्होल्टेजला आतला थर पुरता रिकामाच झालेला नसतो. त्याऐवजी मोजलेला प्रकाश द्यावा. कॅलिब्रेट केलेल्या पॉवर मीटरवर १० नॅनोवॉट बांधून घेतले, तेच अंधारात डायोडवर टाकले आणि अंधारातला करंट वजा करून २०० नॅनोॲम्पिअर येईपर्यंत बायस हळूहळू वाढवलं. वॉटला २० ॲम्पिअर, म्हणजे गेन ४०. हे काम कोरड्या दिवशी, बोर्डावर आर्द्रतारोधक लेप दिल्यावर करावं. खाऱ्या दमट हवेत दोनशे व्होल्टच्या दोन ट्रॅकांमधून बोर्डाच्या पृष्ठभागावरूनच काही नॅनोॲम्पिअर गळतात आणि मीटरला ते डायोडचेच वाटतात.

गेनने जे होणार नव्हतं

शंभरावरून चाळीसवर आल्याने दुपारचं गळणं टक्क्यांवरून हजारात एक-दोनपर्यंत आलं असतं. सुधारणा खरी, पण धुरकट दिवसासाठी हातात काहीच उरत नव्हतं. दीड डेसिबल गेनमधून मिळाले. उरलेलं उन्हातच शोधायला हवं होतं.

फिल्टर १० नॅनोमीटरचा लावू, हा पहिला विचार. लेझर असता तर तोच योग्य ठरला असता. एलईडीचा स्वतःचा पट्टाच ३०–४० नॅनोमीटर रुंद असतो. अरुंद फिल्टर भिंतीचा प्रकाश चौथाईवर आणेल आणि सिग्नलही जवळपास तितकाच कापेल. सिग्नल चौथाई, नॉइज फक्त निम्मा. तोटाच.

मग दृष्टिक्षेत्र कमी केलं. त्याच व्यासाचं पण २०० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग घेतलं. साडेतीन मीटरचं वर्तुळ पावणेदोन मीटरवर आलं, भिंतीचा करंट १००वरून २५ नॅनोॲम्पिअरवर. सिग्नलला धक्का नाही, कारण समोरच्या एलईडीच्या भिंगाची प्रतिमा डायोडच्या तुलनेत ठिपक्याएवढी असते. नॉइजमध्ये ५ डेसिबलचा फायदा, तोही चाळीस गेन तसाच ठेवून. नवा सर्वोत्तम गेन ३४ येतो आणि चाळीसवर राहिल्याचं नुकसान मोजण्याइतकंही नाही. किंमत द्यावी लागली ती खांबाच्या बाजूने. रोख आता दुप्पट काटेकोर हवा, म्हणून पणजीच्या खांबाला तिरके आधार जोडले.

बेतीचे घरमालक काका हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "मग माझ्या भिंतीलाच काळं कापड बांधा की." दृष्टिक्षेत्र साडेतीन मीटरचं होतं तोवर हे अवघडच होतं. पावणेदोन मीटरला अगदी शक्य झालं. फक्त कापड नको. डोळ्यांना काळं दिसणारं रंगवलेलं कापड ८५० नॅनोमीटरला बऱ्याचदा चक्क उजळ असतं, कारण कापडाचे अनेक काळे रंग इन्फ्रारेड शोषतच नाहीत. काजळीचा, म्हणजे कार्बनचा मॅट काळा रंग दिलेला दोन मीटरचा चौकोनी प्लायवूड एलईडीच्या मागे उभा केला. भिंत साठ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकत होती. असा रंग पाच टक्क्यांच्या घरात फेकतो. हिशोबाने भिंतीचा करंट २ नॅनोॲम्पिअरच्या आसपास उतरतो, सर्वोत्तम गेन दिवसाही ५६ होतो, आणि तरीही चाळीसवर पाव डेसिबलच जातं. त्यानंतर डिसेंबरातल्या भर दुपारीही पणजीच्या नोंदीत गळती दिसली नाही.

प्लायवूड वाऱ्याला मोठं शीड आहे, म्हणून ते मेअखेरीस उतरवायचं ठरलं. तोवर सूर्य उत्तरेला गेलेला असतो आणि ती भिंत पुन्हा भरदुपारी सावलीत येते. मात्र त्याच कारणाने मे महिन्यात पणजीच्या उत्तरेकडच्या भिंतींवर ऊन चढेल, आणि ढग यायच्या आधी बेतीच्या रिसीव्हरला पहिल्यांदाच उजळ पार्श्वभूमी दिसेल. म्हणून तिथलं भिंगही एप्रिलमध्येच २०० मिलिमीटरचं बदलून, गेन चाळीसवर आणून, वर हूड चढवायचं काम गटाच्या यादीत पुढचं आहे.